‘लागलेला’ चित्रपट आणि निवडलेला चित्रपट : मित्रमंडळींच्या चित्रनिवडीच्या इतिहासातील काही टप्पे

चित्रपटगृहाविषयी बोलताना मराठी माणूस एक क्रियापद नेमाने वापरतो, आणि ते आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याच्याकडे थांबून पाहावे असे कोणास सहसा सुचत नाही. ‘प्लाझाला काय लागले आहे?’ असे आपण विचारतो. ‘लागणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, परीक्षेचा निकाल लागतो. त्याचप्रमाणे चित्रपटही लागतो. या सर्व प्रयोगांत घडलेली गोष्ट तेवढी समोर येते, घडविणारा दिसत नाही. चित्रपट कोणी लावला, तोच का लावला, दुसरा का लावला नाही, हे प्रश्न त्या वाक्यरचनेत उद्भवतच नाहीत. जावे किंवा न जावे, एवढेच स्वातंत्र्य प्रेक्षकाला उरते.

परंतु चार स्नेही एकत्र बसून ‘आज कोणता चित्रपट पाहावयाचा?’ असे जेव्हा ठरवू लागतात, तेव्हा हे व्याकरण अपुरे पडते. तेथे ‘ठरवणे’, ‘आणणे’, ‘निवडणे’, ‘लावणे’ अशी सकर्मक क्रियापदे येतात, आणि प्रत्येक सकर्मक क्रियापदाबरोबर एक कर्ता येतो. हा कर्ता कोण होता, आणि त्याच्या निवडीला खरोखर किती वाव होता, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या विषयाकडे वळण्याचे कारण अगदी साधे घडले. काही वर्षांपूर्वी एका संशोधनार्थीच्या प्रबंधाचा कच्चा खर्डा वाचावयास मिळाला. मुंबईतील फिल्म सोसायट्यांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका परिश्रमाने गोळा करून, साठ-सत्तरच्या दशकांतील सुशिक्षित तरुणांस पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया या देशांतील चित्रपटांची विशेष ओढ होती, असा निष्कर्ष त्यात काढलेला होता. पत्रिका अस्सल होत्या, मोजणी बिनचूक होती. तरीही निष्कर्ष मनाला पटेना. जे दाखविले गेले तेच आवडीने निवडले गेले, असे गृहीत धरावयाचे असेल तर आधी निवड ही क्रिया कोणत्या मर्यादांत होत होती ते पाहिले पाहिजे.

आरंभीच्या काळाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखविल्या गेल्या तेव्हा एक रुपया देऊन आत गेलेल्या प्रेक्षकासमोर सहा लहान फिती होत्या, आणि त्या सहाच्या सहा त्याने पाहावयाच्या होत्या. पुढे तंबूतील सिनेमा गावोगावच्या जत्रांतून हिंडू लागला. तेथे तंबूचा मालक ज्या पेट्या घेऊन येई, तोच त्या जत्रेचा चित्रपट. गणेशोत्सवात रस्त्यावर पडदा बांधून जो खेळ होई तोही याच जातीचा. पडद्याच्या मागील बाजूस बसणाऱ्यांना सर्व अक्षरे उलटी दिसत आणि नायक डाव्या हाताने तलवार चालवी. पण पडद्याची बाजू निवडण्यापलीकडे प्रेक्षकाच्या हाती काही नव्हते, आणि गर्दीच्या दिवशी तीही निवड नसे.

निवडीची शक्यता प्रथम निर्माण झाली ती यंत्रांच्या आकारामुळे. १९२२ च्या अखेरीस फ्रान्समधील पाते कंपनीने साडेनऊ मिलिमीटर रुंदीच्या फितीचा घरगुती प्रक्षेपक बाजारात आणला, आणि १९२३ मध्ये कोडॅकने सोळा मिलिमीटरची फीत काढली. चित्रपटगृहातील पस्तीस मिलिमीटरच्या जुन्या फितीला आग लागण्याचे भय असे. ही नवी फीत सहज पेट घेत नसे. दिवाणखान्यात पडदा टांगून, मित्रांना बोलावून, भाड्याने आणलेली फीत दाखविता येऊ लागली. धनिकांचा हा छंद होता हे खरे. पण सूचीतून एक नाव निवडावयाचे आणि ते मागवावयाचे, ही क्रिया येथे पहिल्यांदा घडू लागली.

याच सुमारास पॅरिसमध्ये या क्रियेला वैचारिक रूप येत होते. इटालियन वंशाचे समीक्षक रिच्चोत्तो कानुदो यांनी १९२१ च्या सुमारास जी संस्था काढली तिच्या नावाचा अर्थ ‘सातव्या कलेच्या मित्रांची मंडळी’ असा होतो. येथील ‘मित्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सभासद, ग्राहक किंवा प्रेक्षक हे शब्द उपलब्ध असताना मैत्रीचा शब्द घेतला गेला. १९२८ मध्ये लेऑन मूसिनाक व त्यांचे सहकारी यांनी चालविलेल्या कामगारवर्गीय चित्रपटसंस्थेनेही ‘स्पार्टाकसचे मित्र’ हेच नाव घेतले; तिला हजारो सभासद मिळाले, आणि काही महिन्यांतच पोलिसी दडपणाखाली ती बंद पडली. मित्रांची संख्या हजारांत गेली की सरकार त्यांना मित्र मानीत नाही, असे या प्रकरणावरून म्हणावयास हरकत नाही.

लंडनची फिल्म सोसायटी १९२५ मध्ये आयव्हर माँटेग्यू व ह्यू मिलर यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. बर्नार्ड शॉ आणि एच. जी. वेल्स यांच्यासारखी माणसे तिच्या पाठीशी उभी होती. रविवारी दुपारी चित्रपटगृह घेऊन सभासदांपुरता खेळ करावयाचा, अशी तिची पद्धत होती. आपल्या दृष्टीने तिचा एक खेळ विशेष अभ्यसनीय आहे. आयझेन्स्टाइन यांचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा १९२५ चा रशियन चित्रपट ब्रिटिश सेन्सॉर मंडळाने १९२६ मध्ये नाकारला होता आणि त्याला तेथे सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना मिळावयास १९५४ साल उजाडले. परंतु नोव्हेंबर १९२९ मध्ये सोसायटीने तो आपल्या सभासदांना दाखविला, आणि त्या वेळी आयझेन्स्टाइन स्वतः उपस्थित होते. त्याच कार्यक्रमात जॉन ग्रिअर्सन यांचा ‘ड्रिफ्टर्स’ हा लघुपट प्रथम दाखविला गेला. जो चित्रपट कोठेच ‘लागू’ शकत नव्हता, तो मित्रांच्या मंडळीत ‘निवडता’ येत होता. निवड आणि बंदी यांचे हे नाते पुढे भारतातही आढळते. मात्र तेथे त्याचे रूप इतके उदात्त राहिले नाही.

आता भारताकडे वळू. मुंबईत १९३७ मध्ये हौशी छायाचित्रकारांची अमॅच्युअर सिने सोसायटी आणि १९४२ मध्ये बॉम्बे फिल्म सोसायटी निघाली होती. तथापि या चळवळीचा खरा स्वभाव समजून घ्यावयाचा तर कलकत्त्यास जावे लागते. ऑक्टोबर १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन महिने होतात न होतात तोच, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांच्या काही स्नेह्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. राय त्या वेळी एका जाहिरातसंस्थेत चित्रकार होते. ‘पथेर पांचाली’ आठ वर्षे दूर होता. सभासद थोडे, पैसा बेताचा, जागा म्हणजे कोणाचा तरी दिवाणखाना. राय यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे की एकदा एका सभासदाच्या दिवाणखान्यातून त्यांना बाहेर पडावे लागले. चित्रपटवाल्यांच्या वावराने घराचे पावित्र्य बिघडते अशी घरमालकाची समजूत होती.

या मंडळीने पहिला चित्रपट दाखविला तोही ‘बॅटलशिप पोटेमकिन’च. पॅरिसमध्ये तोच, लंडनमध्ये तोच, आणि कलकत्त्यातही तोच. रुढ स्पष्टीकरण असे की त्याची कीर्ती मोठी होती व त्यात क्रांतीचा विषय होता. हे खोटे नाही. परंतु भाषेच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट दिसते. ‘पोटेमकिन’ हा मूकपट आहे. त्यात मधून मधून येणाऱ्या लिखित पाट्या थोड्या आणि त्रोटक आहेत. ओडेसाच्या जिन्यावरून खाली उतरणारी सैनिकांची रांग आणि घरंगळणारी बाबागाडी समजण्यासाठी रशियन यावे लागत नाही, इंग्रजीही यावे लागत नाही. जेथे उपशीर्षके असलेल्या प्रती दुर्मिळ होत्या तेथे मूकपट हा परभाषेतील सर्वांत सुलभ चित्रपट ठरत होता. भारतीय फिल्म सोसायट्यांच्या आरंभीच्या कार्यक्रमांत आयझेन्स्टाइन, पुदोव्हकिन, चॅप्लिन व जर्मन मूकपट यांचे जे प्राबल्य आढळते त्याचे श्रेय सामान्यतः अभिजात रुचीला दिले जाते. त्यातील बराचसा वाटा भाषेच्या अडचणीचा असावा, असे माझे मत आहे. अडचणीतून लागलेली सवय पुढे अभिरुची म्हणून ओळखली जाते, याची उदाहरणे वाङ्मयेतिहासातही कमी नाहीत.

ही सोसायटी १९५२ च्या सुमारास निष्क्रिय झाली. १९५६ मध्ये, ‘पथेर पांचाली’च्या यशानंतर, तिचे पुनरुज्जीवन झाले. मधल्या चार वर्षांत सभासदांची रुची नाहीशी झाली होती असे कोणी म्हणणार नाही. नाहीशी झाली होती ती साधने आणि माणसांची सवड. कार्यक्रमपत्रिका नाही म्हणून आवड नाही, हे अनुमान जितके चुकीचे, तितकेच पत्रिकेत नाव आहे म्हणून आवड आहे, हेही.

जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, आणि नंतर तो मद्रास, दिल्ली व कलकत्ता या शहरांत गेला. ‘बायसिकल थीव्ह्‌ज’, ‘रोम, ओपन सिटी’, ‘राशोमोन’ हे चित्रपट अनेकांनी तेथे पहिल्यांदा पाहिले. या महोत्सवाने एक नवी गोष्ट घडविली. आपण काय पाहिलेले नाही, हे लोकांस कळले. निवड करावयाची तर आधी नावे ठाऊक हवीत. महोत्सवातून बाहेर पडलेल्या माणसाजवळ नावांची एक यादी होती, आणि ती चित्रपटगृहातून पुरी होण्यासारखी नव्हती. पन्नाशीच्या दशकात निरनिराळ्या शहरांतून लहान लहान मंडळ्या निघाल्या त्यामागे ही अपुरी यादी उभी आहे.

या मंडळ्यांच्या इतिहासात एका मराठी नावाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. विजया मुळे (१९२१–२०१९) या मुंबईत वाढल्या, विवाहानंतर पाटण्यास गेल्या, आणि तेथील फिल्म सोसायटीच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला. नंतर दिल्लीच्या सोसायटीच्या उभारणीतही त्यांचा प्रमुख भाग होता. डिसेंबर १९५९ मध्ये कलकत्ता, मुंबई, दिल्ली, मद्रास, पाटणा व रुरकी येथील संस्थांनी मिळून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही मध्यवर्ती संस्था स्थापिली तेव्हा राय अध्यक्ष झाले, आणि विजयाबाई व चिदानंद दासगुप्त हे संयुक्त सचिव झाले. पुढील पिढ्यांस विजयाबाई ‘एक अनेक और एकता’ या दूरदर्शनवरील चिमुकल्या व्यंगपटामुळे परिचित आहेत; परंतु एका गावाहून दुसऱ्या गावास फितींच्या पेट्या पाठविण्याची, वेळेवर परत मागविण्याची आणि त्यांची नोंद ठेवण्याची जी अनाकर्षक व्यवस्था अशा मध्यवर्ती संस्थेला उभारावी लागते, ती त्या व्यंगपटापेक्षा कमी महत्त्वाची नव्हे.

फेडरेशनपुढे दोन प्रश्न होते : चित्रपट आणावयाचे कोठून, आणि सेन्सॉरमधून ते सोडवावयाचे कसे. दुसऱ्याचे उत्तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातच होते. त्याच्या नवव्या कलमान्वये एखाद्या प्रदर्शनास किंवा चित्रपटांच्या एखाद्या वर्गास कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारास आहे. साठच्या दशकात केवळ सभासदांपुरत्या होणाऱ्या खेळांना अशी सूट मिळाली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र परदेशी वकिलातींकडे होते. परदेशी चित्रपटाची प्रत विकत आणणे कोणत्याही सोसायटीच्या आवाक्याबाहेरचे होते. परकीय चलनाचे निर्बंध कडक होते. वकिलाती मात्र आपल्या देशाचे चित्रपट फुकट किंवा नाममात्र खर्चात देत. शीतयुद्धाच्या त्या काळात पूर्व युरोपातील समाजवादी देशांना भारतीय सुशिक्षितांशी सांस्कृतिक संबंध जोडण्याची उत्सुकता होती, आणि त्यांच्या चित्रपटसंस्था सरकारी असल्यामुळे हक्कांच्या वाटाघाटींचा प्रश्न नसे. हॉलिवूडच्या कंपन्यांना आपला चित्रपट चित्रपटगृहात लागावा यात रस होता. मित्रमंडळींना तो फुकट दाखविण्यात नव्हता.

ज्या प्रबंधाचा आरंभी उल्लेख केला त्यातील निष्कर्ष येथे ढासळतो. वाय्‌दा, यान्चो, मेन्झेल यांचे चित्रपट मुंबई-पुण्याच्या सभासदांनी मोठ्या संख्येने पाहिले, ते अनेकांना मनापासून आवडलेही. परंतु ते पत्रिकेत आले ते बहुधा वकिलातीच्या पिशवीतून. समितीची बैठक भरे, चर्चा होई, मतभेद होत. पण चर्चा चाले ती उपलब्ध सात-आठ नावांवर. आवड ही निवडीचे कारण नसून परिणाम होती, असे निदान या प्रकरणात तरी मानावे लागते. संशोधनार्थीने हे म्हणणे ऐकून घेतले आणि पत्रिकांच्या जोडीला पत्रव्यवहाराच्या फाइली पाहण्यास आरंभ केला. त्या फाइलींत ‘अमुक चित्रपट हवा होता, मिळाला नाही’ अशी वाक्ये सापडतात. रुचीचा इतिहास लिहावयाचा असेल तर तो अशा न मिळालेल्या चित्रपटांच्या यादीवरून लिहिणे अधिक सुरक्षित होय.

१९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पुरवठ्याचा एक स्वदेशी झरा निर्माण झाला. प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात १९६० मध्ये निघालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या शेजारचे हे संग्रहालय पी. के. नायर यांच्या हाती घडले. फाळके यांच्या ज्या थोड्या फिती आज उपलब्ध आहेत त्या जपण्यात नायर यांचा वाटा सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की संग्रहालयाने केवळ साठा केला नाही. सोसायट्यांना सोळा मिलिमीटरच्या प्रती देणारे वितरण-ग्रंथालयही चालविले. यामुळे राय, घटक, डी सिका, कुरोसावा हे लहान शहरांतील मंडळींच्याही आवाक्यात आले. त्याबरोबरच सतीश बहादूर यांच्या अध्यापनातून चित्रपट ‘वाचण्याची’ एक शिस्त तयार झाली, आणि मराठीत तिला ‘रसास्वाद’ किंवा ‘रसग्रहण’ हे काव्यशास्त्राकडून आलेले शब्द मिळाले. हे शब्द घेतले जाताच निवडीचा अधिकार हळूहळू मित्राकडून शिक्षकाकडे सरकला. कविता कोणती शिकवावी हे विद्यार्थी ठरवीत नाही. तसेच रसास्वाद-शिबिरातील चित्रपटही शिबिरार्थी ठरवीत नाही.

१९६८ मध्ये मुंबईत सुधीर नांदगावकर प्रभृतींनी प्रभात चित्र मंडळ स्थापन केले, त्याच्या नावाकडे या संदर्भात पाहावे. मुंबईतील आधीच्या संस्था ‘सोसायटी’, ‘फोरम’ या शब्दांनी ओळखल्या जात. येथे प्रथम ‘मंडळ’ आले. आणि ‘मंडळ’ म्हणताच गणेशोत्सव, व्यायामशाळा, वाचनालय, नाट्यवेड असा मराठी मध्यमवर्गीय वस्तीचा सारा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘प्रभात’ हे नाव तर सरळ १९२९ मध्ये कोल्हापुरास निघालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या कंपनीचे. मंडळाने पुढे ‘रूपवाणी’ हे मराठी नियतकालिकही चालविले. जागतिक चित्रपट मराठीतून समजून घेण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्याचे मोल मोठे आहे.

तथापि पडद्यावरची भाषा मराठी नव्हती. हंगेरियन किंवा जपानी बोलपट आणि त्याखाली इंग्रजी ओळी, अशी प्रेक्षकाची स्थिती होती. प्रत्येक ओळ पडद्यावर जेमतेम काही क्षण टिके. ज्याचे इंग्रजी वाचन मंद त्याला चित्र पाहावे की अक्षरे, हा पेच पडे. काही प्रतींवर इंग्रजीही नसे. तेव्हा सायक्लोस्टाइल केलेले कथासारांशाचे पान दारात हाती पडे आणि अंधार होण्यापूर्वी ते वाचून संपवावे लागे. मराठी उपशीर्षकांची परंपरा आपल्याकडे मूळ धरू शकली नाही. परिणामी निवड करणाऱ्यांचे वर्तुळ आपोआप इंग्रजी येणाऱ्यांचे झाले. मंडळाचे दार सर्वांना उघडे होते, पण उंबरठा पडद्यावर होता.

हा उंबरठा अनिवार्य नव्हता हे दाखविणारे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचे सुपारीच्या बागांमधले खेडे आहे. तेथे के. व्ही. सुब्बण्णा यांनी उभारलेल्या नीनासम या संस्थेने सत्तरच्या दशकात गावकऱ्यांसमोर ‘बायसिकल थीव्ह्‌ज’, ‘राशोमोन’, ‘पथेर पांचाली’ असे चित्रपट दाखविले, आणि त्यांचा परिचय कन्नडमधून करून दिला. चित्रपटाविषयीचे कन्नड वाङ्मयही संस्थेने निर्माण केले. नायर यांच्या संग्रहालयातील फितींच्या पेट्या तेथवर पोहोचत. शेतात राबणारी माणसे कुरोसावा पाहून त्यावर बोलत, हे ऐकून नगरवासी अभ्यासकांना नवल वाटे. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचे नाव महाराष्ट्रात अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. आपल्याकडे कोकणात किंवा मराठवाड्यात असे एखादे हेग्गोडू का झाले नाही, हा प्रश्न चित्रपटाच्या नव्हे तर मराठीच्या इतिहासाचा आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचे काम भाषा-विभागांचेच आहे.

मधल्या काळातील एका प्रकरणावरून हात झटकून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सेन्सॉरच्या सुटीमुळे फिल्म सोसायटीच्या पडद्यावर न कापलेले चित्रपट येतात ही वार्ता फैलावली, आणि सत्तरच्या दशकात सभासदसंख्या वाढली ती काही अंशी याच कारणाने. कथेत विवस्त्र दृश्य आहे अशी कुणकुण असलेल्या खेळाला सभागृह भरे, आणि पुढच्या आठवड्यात ब्रेसाँच्या खेळाला अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहत. चळवळीतील ज्येष्ठांनी यावर खेद व्यक्त केला आहे. परंतु त्या नव्या सभासदांच्या वर्गणीवरच ब्रेसाँच्या खेळाचे सभागृहभाडे दिले जात होते. निवड समित्यांनी दोन्ही प्रकारचे चित्रपट एकाआड एक ठेवण्याचा तोडगा काढला, तो नीतीच्या नव्हे तर जमाखर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचा होता.

यानंतर चित्रपट घरात आला, आणि त्याच्याबरोबर ‘आणणे’ हे क्रियापद आले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन सुरू झाले. त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेटची यंत्रे देशात येऊ लागली. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट इतका झाला की १९८४ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करावी लागली. सामान्य कुटुंबाला यंत्र विकत घेणे शक्य नव्हते; म्हणून गल्लीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता ‘व्हिडिओ आणला’ जाई. फिल्म सोसायटीच्या इतिहासकारांनी या प्रकाराची दखल घेतलेली नाही, कारण त्यात बुलेटिन नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही. वस्तुतः मित्रमंडळींनी चित्रपट निवडण्याचा सर्वांत व्यापक प्रसंग महाराष्ट्राने पाहिला तो हाच.

प्रस्तुत लेखकाच्या बालपणी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, आमच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत एका रात्री रंगीत संच, व्हिडिओ आणि तीन कॅसेटी भाड्याने येत. तीनच का, तर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तेवढेच मावत. यादी दोन दिवस आधीपासून चाले. वडीलधाऱ्या बायकांना पौराणिक किंवा कौटुंबिक हवे असे, आम्हा मुलांना विनोदी, आणि थोरल्या मुलांना हाणामारीचा हिंदी. भांडण मिटे ते कोणी हरल्यामुळे नव्हे. ते क्रमाने मिटे. पहिला चित्रपट आजी-काकूंचा, कारण त्या दहानंतर बसत नसत. दुसरा सर्वांचा. तिसरा मध्यरात्रीनंतरचा, ज्याचे नाव यादीत मुद्दाम पुसट लिहिलेले असे. तिसऱ्या चित्रपटात यंत्राचे ‘हेड’ हमखास खराब होई आणि पडद्यावर पांढरा पाऊस पडू लागे. मग कोणी तरी कोरी करकरीत नोट काढून ते पुसे. दुकानात मागितलेली कॅसेट मिळेलच याची खात्री नसे. आणावयास गेलेला मुलगा जे मिळेल ते घेऊन येई आणि ‘हाच होता’ असे सांगे. ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ चा चित्रपट मी प्रथम असाच, दुसऱ्याच एका कॅसेटच्या बदली, पाहिला.

फिल्म सोसायटीत एका संध्याकाळी एकच चित्रपट असे. म्हणून तेथे निवडीला मताधिक्य, समिती, क्वचित बाचाबाची यांची गरज पडे. तीन कॅसेटींच्या रात्रीत मतभेद सोडविण्याऐवजी ते ओळीने मांडता येत. समाजरचनेच्या दृष्टीने ही दुसरी पद्धत आपल्या परंपरेला अधिक जवळची आहे. कीर्तन, भारूड आणि तमाशा ज्या जत्रेत एकाच रात्री नांदतात त्या जत्रेचा हा लहान अवतार होय.

आज ‘लागणे’ आणि ‘आणणे’ ही दोन्ही क्रियापदे मागे पडून ‘लावणे’ पुढे आले आहे. ‘काय लावू या?’ असे आपण म्हणतो, जसे पूर्वी रेडिओ किंवा तबकडी लावण्याविषयी म्हणत असू. व्याकरणदृष्ट्या ‘लागणे’चेच हे सकर्मक रूप, कर्ता अखेर वाक्यात आला आहे. परंतु तो एकवचनी आहे. दूरनियंत्रक ज्याच्या हाती तो लावतो. बाकीचे सूचना करतात. नावांचा तुटवडा संपला, पण कोणत्या नावावर थांबावयाचे ते ठरविणारी मर्यादाही त्याबरोबर गेली. वकिलातीच्या पिशवीत सात चित्रपट होते, कॅसेटवाल्याच्या फळीवर शंभर-दोनशे. आजच्या सूचीला तळ नाही. आणि मराठी ओळी मात्र तिच्यातील परभाषिक चित्रपटांखाली अजूनही क्वचितच दिसतात.

गेल्या दिवाळीत वसतिगृहातील आम्ही पाच जुने मित्र पुष्कळ वर्षांनी एकत्र जमलो. त्यांपैकी एक ओडिशाचा, आणि एकाची पत्नी बंगळूरची. पाऊण तास नावे वरखाली सरकत राहिली. इराणी चित्रपट एकाला जड वाटला, कोरियन दुसऱ्याने पाहिलेला होता, नव्या हिंदी चित्रपटाविषयी तिसऱ्याने वाईट ऐकले होते. शेवटी जेवण गार होऊ लागले म्हणून कोणी तरी ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. आमच्यापुढील प्रतीला इंग्रजी ओळी होत्या, पण मराठी विनोद त्या ओळींत उतरेनात. खोलीतील तिघे हसत होते आणि दोघे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मग माझ्याकडे दूरनियंत्रक देण्यात आला, आणि दर पाच मिनिटांनी चित्रपट थांबवून मी तो हिंदीतून सांगत गेलो. तो चित्रपट संपावयास रात्रीचा दीड वाजला.